मायलोमात सीबीसीच्या भरवशावर बोन मॅरो टाळू नका

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटांच्या घरांतून एक सल्ला सर्रास फॉरवर्ड होतोय. बोन मॅरोची, म्हणजे हाडांतल्या मगजाची तपासणी करू नका. रक्तातल्या प्रतिकारपेशींवरून हा कॅन्सर कळतो. सीबीसी या रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीतलं न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर वाढलं की आजार बळावला समजा आणि प्रतिकारशक्ती वाढवायला लागा. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून लोक फसतात.

‘रक्तातच सगळं कळतं.’ नाही कळत. हा प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर आणि त्यांचा मुक्काम हाडांच्या मॅरोत. 2014 पासूनच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे मॅरोत एकाच पेशीपासून वाढलेल्या प्लाझ्मा पेशी किमान 10 टक्के लागतात, किंवा या पेशींची गाठ बायोप्सीत सिद्ध व्हावी लागते; शिवाय कॅल्शियम, किडनी, हिमोग्लोबिन, हाडं यांपैकी कशावर तरी परिणाम, नाहीतर ठरवून दिलेल्या इतर खुणांपैकी एखादी. फ्लो सायटोमेट्री या तपासणीत पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी138 आणि सीडी38 या खुणांवरून रक्तात फिरणाऱ्या प्लाझ्मा पेशी हुडकता येतात, हे खरं. त्या जास्त सापडणं वाईटच. 2021 पासून रक्तात 5 टक्के किंवा अधिक असतील तर त्याला प्लाझ्मा सेल ल्युकेमिया हा अधिक आक्रमक प्रकार धरतात, आधी ही मर्यादा 20 टक्के होती. पण रक्तात सापडल्या नाहीत म्हणून मॅरो स्वच्छ आहे असं होत नाही. आणि मॅरोच्या तपासणीची सुई मणक्यात टोचत नाहीत. कमरेच्या मागच्या हाडात, जागा बधिर करून टोचतात. मॅरो ओढताना क्षणभर कळ येते, ते लपवण्यात अर्थ नाही.

‘गुणोत्तर वाढलं म्हणजे आजार वाढला.’ ज्यांचं गुणोत्तर जास्त, त्यांचं आयुर्मान सरासरीने कमी असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ती शेकडो पेशंटांची सरासरी आहे, तुमच्या आईचा रिपोर्ट नाही. मायलोमाच्या बहुतेक उपचारांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. आठवड्याची 40 मिलिग्रॅमची मात्रा घेतली की न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. दुसऱ्या दिवशी सीबीसी केली तर गुणोत्तर वाढलेलंच दिसणार, मग औषध उत्तम लागू पडत असलं तरी. असा रिपोर्ट बघून घाबरून गोळ्या बंद करणं म्हणजे आजाराला मोकळं रान देणं. आजाराचा माग एम-प्रोटीन आणि फ्री लाइट चेन, म्हणजे कॅन्सरपेशींनी बनवलेलं प्रतिपिंड आणि प्रतिपिंडांचे सुटे तुकडे, यांवर ठेवतात. तो रिपोर्ट मागा.

‘प्रतिकारशक्ती वाढवा.’ मला सर्वात जास्त राग याचा येतो. मायलोमात एकाच साच्याचं निकामी प्रतिपिंड ढिगाने तयार होतं आणि कामाची प्रतिपिंडं घटतात. म्हणून अनेकांच्या रिपोर्टमध्ये आयजीजी हे प्रतिपिंड भरपूर दिसतं, तरी पेशंटला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. टी-पेशी या प्रतिकारपेशींवरच्या पीडी-1 या खुणेचा ब्रेक सोडवून त्यांना चेतवायचा प्रयत्नही झाला. लेनालिडोमाइड किंवा पोमॅलिडोमाइड ही मायलोमाची औषधं, डेक्सामेथासोन आणि जोडीला हा ब्रेक सोडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब. पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटात मृत्यू जास्त झाले आणि जुलै 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्या चाचण्या थांबवल्या. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही गत, तिथे घरच्या काढ्याने काय साधणार? गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता काढा घेऊ नये, हे उरतंच.

‘एनके पेशी घटल्या, औषध मारक आहे.’ हाही असाच एक दावा. एनके पेशी म्हणजे रक्तातल्या एक प्रकारच्या प्रतिकारपेशी. मायलोमाचं डॅराट्युमुमॅब हे औषध सीडी38 हेरून हल्ला करतं. ही खूण एनके पेशींवरही असते, त्यामुळे त्या घटणं अपेक्षितच. लाल पेशींवरही ती थोडी असते आणि याची मात्र घरच्यांनी खरंच दखल घ्यावी: हे औषध चालू असताना, आणि बंद झाल्यावरही काही महिने, रक्तपेढीतली क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतं का याची तपासणी, गोंधळते. शक्यतो औषध सुरू होण्याआधीच रक्तगट आणि अँटिबॉडी तपासणी करून ठेवा, आणि रक्त चढवायची वेळ आली तर औषधाचं नाव रक्तपेढीला आधी सांगा.