खलनायकाच्या सोफ्यावरची बाई

परत तेच! नवी मालिका लावली, नवं शहर, नवे कलाकार, आणि खलनायक पहिल्यांदा दिसतो तो कसा? उंच इमारतीचा सगळ्यात वरचा मजला, काचेच्या भिंती, लेदरचा सोफा, हातात ग्लास आणि दोन्ही बाजूंना दोन देखण्या तरुण बायका. एकीचा हात त्याच्या खांद्यावर, दुसरी नुसती बसलेली. तो फोनवर कुणाचा तरी खून करायला सांगतो आणि त्या हसत राहतात. मग तो चुटकी वाजवतो, दोघी उठून जातात, कारण आता पुरुषांना कामाचं बोलायचंय. झालं. पुढचे सगळे भाग संपले तरी त्यांचं नाव कळत नाही, आवाज ऐकू येत नाही. दिसल्याच तर स्विमिंग पूलच्या काठावर.

तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. आणि ही वेळ दर शनिवार-रविवारी येते, भाषा कुठलीही लावा.

कपड्यांवर माझं काही म्हणणं नाही, कुणी काय घालावं हा माझा विषयच नाही. खलनायक बायकांशी नीच वागतो हे दाखवू नका, असंही मी म्हणत नाही. दाखवा ना! पैसा हातात आला की आधी गाडी बदलणारे आणि मग बाई बदलणारे पुरुष जगात आहेतच. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. खलनायक त्या बाईला दिवाणखान्यातल्या झुंबरासारखी ठेवतो, आणि सिनेमा बनवणाराही तिला त्याच कामासाठी आणतो. त्याला पाहुण्यांवर छाप पाडायची असते, ह्याला प्रेक्षकांवर. दोघांत तसूभर फरक नाही. वर हा दुसरा माणूस स्वतःला खलनायकाच्या विरुद्ध बाजूचा समजतो.

हे आजचं नाही. १९६४ सालचा जेम्स बाँडचा 'गोल्डफिंगर' काढून बघा. मायामी बीचवरच्या हॉटेलात जिल मास्टरसन बाल्कनीतून दुर्बिणीने समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातातले खेळायचे पत्ते बघते आणि खलनायक गोल्डफिंगरच्या कानातल्या यंत्रात सांगते. बाँड तिला विचारतो, तू हे का करतेस? तो पैसे देतो म्हणून. आणखी कशाचे देतो? त्याच्याबरोबर दिसण्याचे. फक्त दिसण्याचे? हो, फक्त दिसण्याचे. म्हणजे पटकथेनेच तोंडाने कबूल करून टाकलंय की ही बाई दिसण्यासाठी पगारावर ठेवलेली आहे. मग त्या कबुलीचं पुढे काही करा की! पण नाही. थोड्याच वेळात ती पलंगावर मरून पडते, डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी रंगात रंगवलेली. त्वचेला श्वास घेता आला नाही म्हणून मेली, असं सिनेमा सांगतो. हे शुद्ध थोतांड आहे, माणूस नाकातोंडाने श्वास घेतो. पण ते चित्र इतकं गाजलं की ती भूमिका करणारी शर्ली ईटन त्याच सोनेरी रंगात 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. जिवंत असताना शोभेची, मेल्यावर त्याहून शोभेची.

१९७४ सालच्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'मधली आंद्रेआ तर आणखी चीड आणते. खलनायक स्कारामांगाच्या तावडीतून तिला सुटायचंय. म्हणून बाँडचा आकडा कोरलेली सोन्याची गोळी लंडनला तीच पाठवते. सगळी गोष्ट सुरूच तिच्या हिमतीमुळे होते! आणि शेवटी बँकॉकमधल्या बॉक्सिंगच्या स्टेडियममध्ये, गर्दीत, खुर्चीवर बसल्या जागी मेलेली सापडते. बाँड शेजारी बसून बोलायला लागतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं. त्यानंतर तिचं कुणाला काही पडलेलं नाही.

जुन्या काळातलं सोडून द्या, असं कुणी म्हणू नये, कारण सगळ्यात वाईट उदाहरण २०१२ सालचं आहे. 'स्कायफॉल'मधली सेव्हरीन. मकावच्या कॅसिनोत बाँड तिच्या मनगटावरचं गोंदण ओळखतो आणि तिला तोंडावर सांगतो की तुला लहानपणीच ह्या धंद्यात विकलेलं होतं, बारा-तेरा वर्षांची असशील. ती थरथरते. तिला खलनायक सिल्व्हाची किती भीती वाटते हे दिसतं, आणि ते फार चांगलं दाखवलंय, त्या नटीने दोन मिनिटांत पोटात खड्डा पाडलाय. आणि त्यानंतर हा नायक काय करतो? बोटीवर, ती अंघोळ करत असताना, न विचारता आत शिरतो. लहानपणापासून पुरुषांनी वापरलेली मुलगी, हे पाच मिनिटांपूर्वी ह्यानेच सांगितलंय!

पुढे सिल्व्हा तिला बेटावर बांधून उभी करतो, डोक्यावर पन्नास वर्षं जुन्या मॅकॅलन व्हिस्कीचा ग्लास ठेवतो आणि नेमबाजीचा खेळ मांडतो. बाँडचा नेम चुकतो. सिल्व्हा ग्लासवर नेम धरतच नाही, सरळ तिलाच गोळी घालतो. आणि नायकाच्या तोंडी वाक्य काय दिलंय? चांगली स्कॉच वाया गेली. बाई मेली त्याच्या पुढ्यात, आणि ह्याला दारूचं सुचतं! बाँडला शोक लपवायचा होता वगैरे स्पष्टीकरणं मी वाचली आहेत, मला ती अजिबात पटत नाहीत. शोक लपवलेला असता तर पुढे कधीतरी एका नजरेत तरी दिसला असता. उरलेल्या अख्ख्या सिनेमात तिचं नाव कुणी काढत नाही. हेलिकॉप्टरं येतात, खलनायक पकडला जातो, संगीत वाजतं.

आपल्याकडचं बघायचं तर 'जंजीर'मधला तेजा आणि त्याची मोना. १९७३. बिंदूने ती मोना केली, अजितने तेजा. पुढे अजितच्या विनोदांची लाट आली आणि 'मोना डार्लिंग' घराघरात पोचली. पण लोकांना लक्षात काय आहे? फक्त अजितने मारलेली हाक! मोनाचं एक वाक्य कुणी म्हणून दाखवावं. बिंदूसारखी नटी, जिच्या डोळ्यांत दहा खलनायक मावले असते, तिची ओळख काय, तर कुणीतरी घोगऱ्या आवाजात मारलेली हाक.

'डॉन'मधल्या कामिनीचं त्याहून वाईट झालं. १९७८ च्या त्या सिनेमात हेलनची कामिनी डॉनकडे चैनीसाठी जात नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, रमेशला, डॉनने मारलंय. ती एकटी त्याच्या खोलीत जाते, नाचता नाचता त्याच्या पिस्तुलातल्या गोळ्या काढून टाकते, पोलिसांना कळवते. केवढी जिगर लागते ह्याला! आणि डॉन तिला मारून टाकतो. पुढे रमेशची बहीण रोमा येते, सूड तिचा होतो आणि कामिनीची गोष्ट गाडली जाते. आजही कुठल्याही लग्नाच्या संगीतात तिचं ते 'ये मेरा दिल' गाणं वाजतं, लोक बेभान नाचतात. ती बाई त्या गाण्यात काय करत होती हे किती जणांना माहीत आहे? 'जंजीर' आणि 'डॉन' दोन्ही सलीम-जावेद यांनी लिहिलेले, म्हणजे लेखणी कमी पडली असं म्हणायलाही जागा नाही.

मराठीत आपण तरी काय वेगळे? 'बाई, वाड्यावर या' ही ओळ निळू फुल्यांच्या नावावर चिकटली ती चिकटलीच. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलातले कार्यकर्ते, साधा आणि भला माणूस, पण पडद्यावरचा पाटील असा उभा करायचे की बायका त्यांचा खरोखर तिरस्कार करायच्या. हे त्यांच्या अभिनयाचं यश होतं. त्या पाटलाची किळस यावी म्हणूनच ते तसे दिसत होते. आणि आता? त्याच ओळीचे मीम पुरुष एकमेकांना पाठवतात आणि खिदळतात. जिला वाड्यावर बोलावलं, तिचं काय झालं, ती कोण होती, हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

'स्कारफेस'चं पोस्टर भिंतीवर लावणाऱ्या पोरांनाही मला हेच विचारायचंय. १९८३ चा सिनेमा, टोनी मोंटाना सगळ्यांचा लाडका. तो आपल्या मालकाला, फ्रँक लोपेझला, साथीदाराकरवी मारून टाकतो आणि लगेच एल्विराच्या खोलीत जाऊन तिला उठवतो, चल म्हणतो. मालकाची गादी घेतली, मालकाची बाई घेतली. ती पुढे भर हॉटेलात त्याला खरंखुरं सुनावून निघून जाते, आणि सिनेमाही तिला तिथेच सोडून देतो. ती कुठे गेली, व्यसनातून सुटली का, काही नाही. पोस्टरवर अर्थातच टोनी.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं: अहो, खलनायक आहे, तो वाईटच वागणार, आणि मारधाडीच्या सिनेमात प्रत्येकाची कहाणी सांगत बसायला वेळ कुठे असतो? हे ऐकलं की मी आणखी भडकते. २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' घ्या. इमॉर्टन जो हा त्यातला खलनायक, कोंडून ठेवलेल्या पाच सुंदर बायका ही त्याची मालमत्ता. पण त्या पळतात, आणि जाताना भिंतीवर लिहून जातात की आम्ही वस्तू नाही. पाचही जणींना नावं आहेत. अँगॅराड गरोदर असूनही स्वतःचं पोट पुढे करून दुसरीला गोळीपासून वाचवते, कारण तो आपल्यावर गोळी झाडणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. टोस्ट बंदुका आणि गोळ्यांचा हिशेब ठेवते. चीडो घाबरून परत जायला निघते, आणि नंतर तीच शरण आल्याचं नाटक करून, त्यांना पळवून नेणाऱ्या फ्युरिओसाच्या मदतीला येते. ह्या भूमिकांसाठी दिग्दर्शकाने ईव्ह एन्स्लर ह्या लेखिकेला नामिबियात चित्रीकरणाच्या जागी बोलावून नट्यांशी बोलायला लावलं होतं. आणि हा सिनेमा आहे काय? दोन तासांचा एक पाठलाग! वाळवंट, गाड्या, स्फोट, पुन्हा गाड्या. त्यात पाच बायकांसाठी जागा निघाली. तेव्हा वेळ नसतो ही थाप मला कुणी देऊ नये.