बंड्याचा बाळंतविडा

गणपतीच्या वर्गणीतले 31,000 रुपये उरले, हेच मुळात भांडणाचं कारण. त्यात पेपरात मेळघाटच्या बालमृत्यूंचं परत आलं, दर पावसाळ्यात येतं तसंच, आणि बंड्याचं अंतःकरण भरून आलं. बंड्याचं अंतःकरण भरलं की फ्लेक्सवाल्याचं दुकान चालतं, परतवाड्यात कोणालाही विचारा.

"किट वाटू," खर्रा घोटत तो म्हणाला. "बाळंतिणीले. दुपटं, साबण, पावडर, दुधाची बाटली. डब्यावर मंडळाचं स्टिकर."

"अन् तुहा फोटो," पक्या म्हणाला.

"कोपऱ्यात. बारीकसा."

गज्या तोवर गप्प बशीतला चहा फुंकत होता. त्याची बायको घाटाखालच्या गावात आशा सेविका आहे, म्हणजे अर्धी आशा गज्याच. गाडी तोच चालवतो. "बाटली पयले काढ," तो म्हणाला. "1992 चा कायदा हाये. बाटल्या न् पावडरचं दूध असं वाटता येत नाई. फोटोसकट आत जाशीन."

"चांगलं कराले गेलं का तू आडवा! डीजेच्या वर्षापासून डूख धरून हायेस माह्यावर."

डीजेचं वर्ष निघालं, मग वह्यांचं वर्ष निघालं. त्या वर्षी वह्यांच्या कव्हरवर बंड्या होता आणि पोरांनी आठ दिवसांत त्याला मिशा काढल्या होत्या. ते मी इथे लिहीत नाही.

"मंग तुही बायको जाऊन करते काय?" बंड्याने विचारलं. "गप्पा?"

इथे तो सापडला. गज्याने त्याचा शर्ट सरळ वर केला, मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि पोटाकडे डोळे लावून बसला. "हालू नको बे. असंच मोजा लागते. लेकरू शांत असताना, पुरा एक मिनिट. साठच्या वर श्वास गेले तं दवाखाना." ते प्रचंड पोट वरखाली होत होतं आणि आम्ही सगळे मोजत होतो. बावीस भरले. "नवजात नाईस तू. सुटला."

हसू ओसरल्यावर गज्याने हिशोब मांडला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी सहा खेपा: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. वजन, ताप, श्वास, नाळ, दूध ओढतं की नाही. सहाही खेपांचे मिळून 250 रुपये. "पेट्रोल माह्यं," हे त्याने दोनदा सांगितलं.

देशमुख सरांना गडचिरोली आठवली नाही असा दिवस जात नाही. "डॉक्टर बंगांनी 39 गावांत गावातल्याच बायका तयार केल्या. नवजात मृत्यू 62 टक्के कमी! 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. सरकारनं आशांकडून तेच सुरू केलं, पण 2011 उजाडलं." लॅन्सेट म्हणताना सर चष्मा काढतात. आम्ही चिडवतो, पण गोष्ट खरी आहे.

"माह्या पोराले आईनं दुसऱ्या दिवशी मध चाटवला," बंड्या पेटला. "काय झालं? ठणठणीत हाये!"

"दहावीले तीनदा बसला," पक्या म्हणाला.

गज्या मात्र हसला नाही. "घाटातली बाई महिन्याच्या आत मजुरीले जाते. लेकरू घरी, मोठ्या पोरीजवळ. तुह्या साबणानं दूध येते का?"

"अंगणवाडीत बाळंतिणीला सरकारच्या अमृत आहार योजनेचं जेवण मिळतं की," सर म्हणाले. "2015 पासून."

"मजुरीले गेलेली बाई अंगणवाडीत जेवाले येईन कवा, सर?"

सरांनी चष्मा परत घातला.

"म्हणजे याले आपल्या वर्गणीतून पेट्रोल पाह्यजे," पक्या हळूच म्हणाला, आणि सगळी चर्चा गज्याच्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर घसरली. 31,000 मध्ये किती खेपा बसतात याचा हिशोब चालू असतानाच त्याला बायकोचा फोन आला. थर्मामीटरचा सेल गेलाय, येताना आण. उद्या सातवा दिवस आहे एका लेकराचा.

गज्याने खिसे चाचपले. बंड्या काही न बोलता उठला आणि समोरच्या घड्याळवाल्याकडून बटणाएवढा सेल घेऊन आला. वीस रुपये, स्वतःच्या खिशातून. आम्ही सगळे गार.

सेल चिमटीत धरून त्याने उलटासुलटा पाहिला.

"याच्यावर स्टिकर बसन का रे?"