मारवा मला नावाशिवाय भेटला

‘ज्यांना राग ओळखता येत नाही, ताल मोजता येत नाही, त्यांनी शास्त्रीय संगीत ऐकतो असं म्हणू नये, ती नुसती गुंगी असते,’ असं तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. तुमचा एक मुद्दा आधी मान्य करते. मारवा आणि पूरिया हे राग ‘जवळजवळ एकच’ हे माझं वाक्य चुकीचंच होतं. लेखात दुरुस्त केलंय.

पण गंमत बघा, या दोन रागांतला फरक मला नावं कळायच्या आधीच जाणवला होता. गायक अमीर खाँसाहेबांच्या मारव्याची कॅसेट माझ्याकडे आली ती वेष्टनाशिवाय. संध्याकाळी भाकऱ्या थापताना लावायचे आणि दर वेळी जीव टांगणीला लागायचा. घरी परतायचंय आणि घर सापडत नाही, असं काहीतरी. भीमसेनजींच्या पूरियात ती तगमग नसायची, तिथं खोल, शांत पाण्यात उतरल्यासारखं वाटायचं. कित्येक महिन्यांनी तबला वाजवणाऱ्या एका शेजाऱ्यांनी उलगडून सांगितलं: स्वर दोन्हींत तेच, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य. पण मारव्यात जोर कोमल रिषभावर आणि धैवतावर (ध), आणि षड्जावर, म्हणजे सगळे स्वर शेवटी जिथं परततात त्या ‘सा’वर, यायचं गायक लांबणीवर टाकत राहतो. पूरियात गंधार-निषादाचं (ग-नि) राज्य. मला न सापडणारं घर म्हणजे तो षड्ज होता! त्या रात्री कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा अंगावर काटा आला.

म्हणून शास्त्र नको, असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते ऐकण्याच्या दारातच उभं करू नका. आधी ती तगमग झालीच नसती, तर वादी-संवादी, म्हणजे रागातले सर्वांत महत्त्वाचे दोन स्वर, माझ्यासाठी पाठ केलेले शब्द राहिले असते.

तालाचं तुमचं म्हणणं खरं आहे. विलंबित (संथ लयीतल्या) झुमरा तालाच्या १४ मात्रा मोजायला गेले की आलाप निसटतो. तरी मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) आला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडणार ते मान आधीच सांगते. हातावर ठेका धरायचा सराव हल्ली चालू आहे.

तुमच्या शब्दांनी एक जुनी गोष्ट आठवली. एका मैफलीत शेजारच्या कॉलेजातल्या मुलीनं हळूच विचारलं, ‘हा कोणता राग?’ मी उत्तर देणार तोच मागून कुणीतरी म्हणालं, ‘एवढंही कळत नसेल तर येतात कशाला?’ मध्यंतरानंतर तिची खुर्ची रिकामी होती. तो लेख मी तिच्यासाठी लिहिला होता.