पीएक्सईला आयपी मिळाला म्हणून ड्रायव्हर आहे, असं होत नाही

डेस्कटॉप सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. (पीएक्सई म्हणजे मशीन नेटवर्कवरून सुरू करायची सोय. विन-पीई म्हणजे विंडोज टाकण्यासाठी रॅममधून चालणारं छोटं विंडोज, आणि ते ज्या फाइलीतून येतं ती बूट इमेज.) थोडक्यात असा: 'नेटवर्कवरून विंडोज टाकताना अडकलात? १) पीएक्सईला आयपी मिळाला म्हणजे कार्ड आणि नेटवर्क ओके. २) तरी विन-पीईत एरर आली तर लेटेस्ट ड्रायव्हर पॅक अख्खा बूट इमेजमध्ये टाका. ३) सिक्युअर बूट बंद करा. ४) तरी नाही झालं तर स्विचचा प्रॉब्लेम. ५) यूएसबी डोंगल लावा, टेन्शन खल्लास.'

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण अंधेरी एमआयडीसीतल्या एखाद्या स्टोअर रूममध्ये नव्या लॅपटॉपांची थप्पी घेऊन बसलेल्या पोराची यात शेवटची लोकल चुकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दाच चुकीचा आहे, आणि पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहेत. पीएक्सईच्या वेळी विंडोज कुठेच नसतं. नेटवर्क कार्ड चालवत असतो तो लॅपटॉपच्या फर्मवेअरमधला ड्रायव्हर. तोच डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, आयपी घेतो, तोच टीएफटीपी या साध्या फाइल-पद्धतीने बूट इमेज खाली ओढतो. इमेज रॅममध्ये उतरून विन-पीई सुरू झालं की त्याचं काम संपलं. आता त्याच कार्डासाठी विन-पीईला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो इमेजमध्ये नसेल, तर ज्या कार्डावरून अख्खी इमेज आली तेच कार्ड विन-पीईला दिसत नाही. पुढे विंडोज डिस्कवर उतरून मशीन रीस्टार्ट झालं की तिसऱ्यांदा ड्रायव्हर लागतो. बूट इमेजमधला ड्रायव्हर तिथे आपसूक जाईल असं धरून चालू नका. तो नसला की सगळं नीट होऊन डोमेन जॉइनला, म्हणजे मशीन कंपनीच्या नेटवर्कात नोंदवताना, गाडी अडते.

कुठे अडकलंय हे कळायला एक काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, पुरते. एससीसीएमच्या (कंपनीतली मशीनं सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) विन-पीईत एफ८, विंडोज सेटअपमध्ये शिफ्ट-एफ१०. एफ८ चालायला बूट इमेजमध्ये कमांड सपोर्ट आधी चालू केलेला लागतो. टेस्टिंग झालं की तो बंद करा, नाहीतर समोर बसलेल्या कुणाच्याही हातात ॲडमिनचे हक्क जातात. खिडकीत आयपीकॉन्फिग मारा. कार्डाचं नावच नाही आलं, तर ड्रायव्हर नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, तर ड्रायव्हर आहे, डीएचसीपीचं उत्तर पोहोचत नाही. नीट पत्ता आला, तर ड्रायव्हरला सोडा आणि नेट यूज कमांडने सर्व्हरवरचा शेअर (सामायिक फोल्डर) जोडून पाहा. एरर ५३ म्हणजे सर्व्हरचं नाव किंवा वाट सापडत नाही. १३२६ म्हणजे युजरनेम-पासवर्ड चुकलाय. बायोसमधली तारीखही एकदा बघा, घड्याळ फार मागे असेल तर सर्टिफिकेट नाकारलं जातं आणि शिव्या नेटवर्कला बसतात. या सगळ्यांत फक्त पहिल्या दुखण्यावर ड्रायव्हर हे औषध आहे.

आता 'लेटेस्ट पॅक अख्खा टाका'. नव्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा कारखान्यातूनच विंडोज आलेलं असतं. ते चालू करून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज उघडा. व्हेंडरचा कोड ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक. खरी ओळख त्यापुढच्या डिव्हाइस कोडात असते. इंटेलचं आय२१९-एलएम हे एकच नाव लॅपटॉपांच्या कितीतरी पिढ्यांवर आहे आणि पिढीगणिक कोड बदललाय. 'आय२१९चा ड्रायव्हर तर टाकलाय की' म्हणणारा माणूस इथेच फसतो. ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (तो कुठल्या कार्डांसाठी आहे हे सांगणारी) नोटपॅडमध्ये उघडा आणि तो कोड शोधा. सापडला नाही, तर ड्रायव्हर कालचा का असेना, उपयोग शून्य.

लेटेस्टचंही तसंच. ड्रायव्हर जुळायला हवा तो विन-पीईच्या आवृत्तीशी. शेवटी कुठलं विंडोज टाकायचंय याच्याशी या टप्प्यावर संबंध नाही. डेल आणि एचपी विन-पीईचे पॅक वेगळे देतात ते उगीच नाही. साउंड, ग्राफिक्स, फिंगरप्रिंट यांचं विन-पीईत काही काम नसतं. इमेज फुगते, टीएफटीपी रांगतं, आणि पुढच्या वेळी कुठला ड्रायव्हर लागला हे शोधताना डोकं फिरतं. नेटवर्क आणि स्टोरेज, बस. स्टोरेज अशासाठी की इंटेलच्या ११व्या पिढीपासून व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असलेल्या मशीनवर त्याच्या ड्रायव्हरशिवाय डिस्क दिसत नाही.

आणि इमेजला हात लावण्याआधी ड्रायव्हर तपासा. ड्रायव्हरची ईएक्सई (इन्स्टॉलर) इथे चालत नाही, ती उलगडून आयएनएफ, सीस आणि कॅट फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. विन-पीईत डीआरव्हीलोड कमांडने ती आयएनएफ चढवा, डब्ल्यूपीईयूटिल कमांडने नेटवर्क सुरू करा, पुन्हा आयपीकॉन्फिग. पत्ता आला की मगच डिझम कमांडने ड्रायव्हर इमेजमध्ये घाला. त्यानंतर भले भले एक पायरी विसरतात. एमडीटीत (मायक्रोसॉफ्टचं विंडोज टाकायचं टूल) डिप्लॉयमेंट शेअर अपडेट केला तरी डब्ल्यूडीएस (पीएक्सईला बूट इमेज देणारी सर्व्हरची सेवा) जुनीच बूट इमेज वाटत राहतं, तिथे ती हाताने बदलावी लागते. एससीसीएममध्ये डिस्ट्रिब्युशन पॉइंट (इमेज वाटणारे सर्व्हर) अपडेट करावे लागतात. ड्रायव्हर बरोबर, इमेज कालची, आणि रात्र वाया.

सिक्युअर बूट, म्हणजे फर्मवेअरमधली सहीची तपासणी, याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो अडवणार असेल तर विन-पीई सुरू होण्याआधीच अडवेल, म्हणजे सही नसलेला बूटलोडर (मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) असेल तेव्हा. विन-पीईचा पडदा दिसल्यावर तो बंद करून कार्ड उगवत नाही.

स्विचच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, फक्त तो १६९.२५४ दिसल्यावरच काढायचा. विन-पीईचा ड्रायव्हर चढताना लिंक क्षणभर पडते. पोर्टवर जुना स्पॅनिंग ट्री (स्विचांमधल्या गोल फेऱ्या अडवणारी व्यवस्था) असेल तर १५ अधिक १५ असे ३० सेकंद पोर्ट काही पुढे सोडत नाही, तोवर विन-पीई डीएचसीपीची वाट बघून मोकळं झालेलं असतं. खात्री करायला मध्ये एक साधा अनमॅनेज्ड स्विच लावा. मोठ्या स्विचकडची लिंक पडत नाही आणि आयपी लगेच येतो. तसं झालं तर नेटवर्क टीमला 'तुमचा स्विच खराब आहे' म्हणू नका, त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट टाळणारं सेटिंग) मागा. बीकेसीतल्या बँकांसारख्या ठिकाणी ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय नेटवर्क न देणारी व्यवस्था) असू शकतं. तिथे असा स्विच न विचारता लावलात तर पोर्टच बंद व्हायचा. विन-पीईत ८०२.१एक्सचा भाग मुद्दाम घालावा लागतो, त्यापेक्षा स्टेजिंगसाठी, म्हणजे मशीनं तयार करायला, वेगळा व्हीलॅन (स्विचवरचं वेगळं नेटवर्क) मागणं सोपं.

राहिला डोंगल, म्हणजे यूएसबीला लागणारं नेटवर्क कार्ड. लॅमिंग्टन रोडवरून कुठलाही उचलू नका. आतली चिप वेगळी निघाली की तिचाही ड्रायव्हर शोधत बसावं लागतं. आणि एकच डोंगल दहा लॅपटॉपना फिरवलात तर दहाही जण सर्व्हरला एकाच मॅक ॲड्रेसने (कार्डाच्या ओळख-क्रमांकाने) भेटतात. पहिला लॅपटॉप नीट होतो. दुसऱ्याला एससीसीएम ओळखीचा समजतं आणि अनोळखी मशीनसाठीचा टास्क सिक्वेन्स (विंडोज टाकायच्या पायऱ्यांची यादी) देतच नाही. उपाय साधा आहे. एससीसीएमच्या हायरार्की सेटिंग्जमध्ये डुप्लिकेट हार्डवेअर आयडेंटिफायरची यादी आहे, त्यात डोंगलचा मॅक घाला. मग डोंगलवर कायम मार्करने खूण करा आणि तो स्टोअरमधल्याच ड्रॉवरमध्ये ठेवा, नाहीतर कुणीतरी तो मीटिंग रूममध्ये नेतो आणि परत आणत नाही.