सांचो राजाची समाधी राहून गेली

स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पदयात्रेवरचा तुमचा लेख आवडला, पण वाटेवरच्या रोन्सेसवायेस गावातलं चर्च 'पिरेनीज उतरल्यावरचा पहिला मुक्काम' एवढ्यावरच उरकलंत, याची चुटपुट लागली. उत्तर स्पेनमधल्या तेव्हाच्या नावारा राज्याचा राजा सांचो सातवा याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ते फ्रेंच गॉथिक धाटणीत बांधवून घेतलं. इथल्या ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी शतकानुशतकं सांतियागोच्या यात्रेकरूंची सेवा केली. राजाची समाधीही तिथेच आहे. वरचा दगडी पुतळा चांगला सव्वादोन मीटर लांब, एक पाय दुसऱ्यावर टाकलेला! जवळच, हा राजा मुस्लिम फौजेविरुद्ध लढला त्या १२१२च्या लास नावास दे तोलोसाच्या लढाईतल्या मानल्या जाणाऱ्या साखळ्या. आणि संध्याकाळी चांदीने मढवलेल्या मेरीच्या मूर्तीसमोर यात्रेकरूंना मिळणारा आशीर्वाद तर धर्म कुठलाही असो, चुकवू नयेच. पुढच्या भागात यावर सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.