खोटं आणि खोटं-खोटं

लहान मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचं सार असं: ‘तीन ते सहा वर्षांचं मूल रोजच्या साध्या घडामोडींच्या गोष्टी करत असेल, मोजा हरवला न म्हणता “मोजा पळून गेला” म्हणत असेल, तर ती खोटं बोलण्याची पहिली पायरी समजा. या वयात खरं आणि कल्पना यांतला फरक कळत नाही. म्हणून जागच्या जागी दुरुस्त करा, ऐकलं नाही तर शिक्षा करा. काल्पनिक मित्र हे एकटेपणाचं लक्षण आहे. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं म्हणजे वाढ खुंटल्याची खूण. अशी मुलं पुढे अभ्यासात मागे पडतात.’

सल्ला काळजीपोटी पुढे पाठवला जातो, यात शंका नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. एकच अर्धं खरं आहे आणि ते नेमकं कुठवर खरं, हे समजून घेणं फार गरजेचं आहे. त्यामुळे एकेक विधान घेऊ.

‘ही खोटं बोलण्याची पहिली पायरी आहे’

मराठी बोलणारी मुलं स्वतःच हा फरक करतात. ‘खोटं’ वेगळं आणि ‘खोटं-खोटं’ वेगळं. ‘आपण खोटं-खोटं भांडूया’ म्हणणाऱ्या मुलाला कुणी लबाड म्हणत नाही. खेळाचं व्याकरणही निराळं असतं. ‘मी डॉक्टर असतो, तू आजारी असतेस, हां?’ यातलं ते ‘असतो’ आणि शेवटचा ‘हां?’ नीट ऐका. ‘हां?’ म्हणजे समोरच्याची संमती मागणं. फसवायचं असेल तर संमती कुणी मागत नाही.

खोटं बोलायला तीन गोष्टी लागतात. खरं काय ते माहीत हवं, समोरच्याला ते माहीत नाही हे कळायला हवं आणि त्याचा समज चुकीचा व्हावा अशी इच्छा हवी. १९८९ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल लुईस आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना पाठीमागच्या खेळण्याकडे वळून बघू नका असं सांगून एकटं सोडलं. बहुतेक सगळ्यांनी बघितलं. विचारल्यावर बघितलेल्यांपैकी ३८ टक्के मुलं ‘नाही’ म्हणाली, तितक्याच मुलांनी कबूल केलं, उरलेली गप्प राहिली. खोटं असं असतं: छोटं, एका शब्दाचं, सुटका करून घेण्यासाठी. त्यात ना पळणारा मोजा असतो, ना त्याचं घर. मूल घाबरून खोटं बोलतं तेव्हा गोष्ट लांबवत नाही, विषय संपवायला बघतं.

घरात ओळखायचं कसं? आधी बघा की यातून मुलाचा काही फायदा होतोय का, किंवा काही टळतंय का. मग गोष्टीत सामील होऊन बघा: ‘मोजा पळाला? मग दुसरा मागे का राहिला?’ गोष्ट असेल तर मुलाचा चेहरा खुलतो आणि पुढचा भाग लगेच तयार होतो. सुटका करून घ्यायची असेल तर ते गोंधळतं किंवा तेच वाक्य पुन्हा म्हणतं. कधी दोन्ही एकत्र असतं. ‘कप अस्वलाने फोडला’ हे सुटकेसाठीच आहे, फक्त त्याने गोष्टीचे कपडे घातलेत. तिथे अस्वलाशी वाद घालू नका. ‘कप फुटला. चल, आधी काचा बाजूला करू, तू लांब उभा राहा’ एवढं पुरतं. काय झालं हे तुम्हाला दिसत असताना ‘कुणी फोडला?’ असं विचारणं म्हणजे मुलाला खोटं बोलण्याचं आमंत्रण देणं.

‘या वयात फरक कळतच नाही’

हेच ते अर्धं खरं विधान. खोटा अर्धा भाग आधी.

हेन्री वेलमन आणि डेव्हिड एस्टीस यांनी १९८६ मध्ये मुलांना दोन मुलांबद्दल सांगितलं: एकाजवळ बिस्किट आहे, दुसरा बिस्किटाचा नुसता विचार करतोय. कुणाच्या बिस्किटाला हात लावता येईल? दुसऱ्यांना कुणाचं दिसेल? तीन वर्षांच्या मुलांनीही बहुतेक वेळा बरोबर उत्तरं दिली. ॲलन लेस्ली यांचा प्रयोग याहून लहानांवरचा. दोन रिकामे कप ‘भरायचे’, एक उपडा करायचा आणि विचारायचं, रिकामा कोणता? खरं तर दोन्ही रिकामेच. पण दोन-अडीच वर्षांची मुलं उपडा केलेला दाखवतात. खऱ्यात काय आहे आणि खेळात काय आहे, असे दोन हिशेब ती एकाच वेळी चालवत असतात आणि एकाची बेरीज दुसऱ्यात मिसळू देत नाहीत.

मग पलंगाखालच्या राक्षसाला ती घाबरतात कशी? पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांनी पेटी रिकामी असल्याचं पाहिलं, मग तिच्यात एक प्राणी आहे अशी कल्पना केली. ही कल्पना आहे हे त्यांना माहीत होतं. तरी एकटं सोडल्यावर काहींनी पेटीजवळ जाऊन खात्री करून घेतली. भीतिदायक गोष्ट ऐकून रात्री दाराची कडी पुन्हा तपासणारी मोठी माणसं वेगळं काय करतात?

आता खरा अर्धा भाग. लहान मुलं चुकतात ती आठवणीचा उगम ओळखताना. हे मी पाहिलं, कुणी सांगितलं, की मनात आणलं, हे काही काळाने त्यांना नीट सांगता येत नाही. स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शाळेआधीच्या वयाच्या मुलांना आठवड्यामागून आठवडे, कधी न घडलेल्या प्रसंगांबद्दल ‘असं झालं होतं का? आठवून बघ’ असं विचारलं. शेवटी बऱ्याच मुलांनी ते घडलं म्हणून तपशिलासह सांगितलं. पण यात मुलाने रचलेल्या गोष्टीचा दोष नव्हता. गोंधळ झाला तो मोठ्यांनी पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे.

म्हणून खरी माहिती हवी असेल तेव्हा, म्हणजे कुठे लागलं, काय गिळलं, कुणी ढकललं, तेव्हा लवकर विचारा, शक्यतो एकदाच विचारा आणि मोकळा प्रश्न विचारा: ‘काय झालं ते सगळं सांग.’ ‘त्याने ढकललं ना?’ हा प्रश्न नको, त्यात उत्तर तुम्हीच घातलंय. बाब गंभीर असेल तर मुलाचे शब्द जसेच्या तसे लगेच लिहून ठेवा.

‘जागच्या जागी दुरुस्त करा’

सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं.

मूल गोष्ट करतं तेव्हा आपला दिवस मनात नीट लावून ठेवत असतं. कॅथरीन नेल्सन यांनी अभ्यासलेल्या एमिली नावाच्या मुलीचं झोपेआधीचं स्वतःशी बोलणं, वयाच्या २१ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, आईवडिलांनी ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यात मोठे प्रसंग फारसे नाहीत. आहे ते रोजचंच: झोपेतून उठल्यावर कोण घ्यायला येणार, उद्या कुठे जायचं, आधी काय आणि मग काय. ‘आधी’, ‘मग’, ‘कारण’, ‘पण’ हे शब्द ती या बोलण्यात घासून-पुसून वापरायला शिकत होती. रोजच्या गोष्टीचं खरं काम हे आहे. साधा दिवस मुलासाठी साधा नसतोच, तो समजून घ्यायचा असतो.

शिवाय चार वर्षांच्या मुलाची गोष्ट बेडकासारख्या उड्या मारते. कॅरोल पीटरसन आणि ॲलिसा मकेब यांनी १९८३ मध्ये नोंदवलं की या वयात मुलं एका घटनेवरून दुसरीवर जातात, मधलं गाळतात, मागे येतात. पाचच्या सुमारास क्रम लागतो, पण गोष्ट ऐन रंगात थांबते. सहाच्या सुमारास शेवट येऊ लागतो. ‘असं नाही, आधी आपण बसमधून उतरलो’ असं मध्येच तोडलं की मुलाच्या हातातला धागा सुटतो. दोन-तीनदा असं झालं की ते ‘काय केलंस आज?’ला ‘काही नाही’ असं उत्तर द्यायला शिकतं.

त्याऐवजी हे करा. पहिलं एक मिनिट नुसतं ऐका. मग मुलाचंच शेवटचं वाक्य थोडं वाढवून परत द्या. ते म्हणालं, ‘बूट रुसला’, तर तुम्ही म्हणा, ‘बूट रुसला आणि दाराशी बसून राहिला.’ मग एक प्रश्न. एकच. ‘मग?’, ‘तो काय म्हणाला?’, ‘त्याला कसं वाटलं?’ यांपैकी कुठलाही. एका दमात पाच प्रश्न विचारले की गोष्टीची तोंडी परीक्षा होते. ‘बुटाचा रंग कोणता? बूट किती?’ असले प्रश्न तर टाळाच, ते गोष्ट पुढे नेत नाहीत. शब्द चुकला तर टोकू नका, आपल्या वाक्यात बरोबर शब्द सहज येऊ द्या.

आठवड्यातून एक-दोनदा गोष्ट लिहून घ्या. शिकागोतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी बालवर्गात हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरली: मूल सांगतं, मोठं माणूस लिहितं, त्याच दिवशी सगळे मिळून ती करून दाखवतात. घरी करायचं तर एक कोरा कागद घ्या आणि एका पानाची मर्यादा ठेवा. मूल बोलेल तेच शब्द लिहा, लिहिताना मोठ्याने म्हणा, म्हणजे त्याचा वेगही तुमच्या हाताशी जुळतो. व्याकरण सुधारू नका. शेवटी बोट फिरवत पूर्ण वाचून दाखवा आणि विचारा, ‘काही बदलायचं?’ मग जमिनीवर सतरंजी अंथरा, ती रंगभूमी. कोण कोण व्हायचं हे मूल ठरवेल. तुम्ही वाचायचं, बाकीच्यांनी करायचं. पाच ते दहा मिनिटांत संपतं.

हे बिघडतं कुठे? मोठी माणसं तात्पर्य जोडतात, शेवट गोड करतात, किंवा चुलत भावंडांसमोर ‘ती बुटाची गोष्ट सांग ना’ म्हणून कार्यक्रम लावतात. गोष्ट मुलाची असते, मागितल्यावर सादर करायची वस्तू नसते. फोनवर चित्रण सुरू केलं की बरीच मुलं गोष्ट सोडून कॅमेऱ्याकडे बघत बसतात. कागद बरा.

‘ऐकलं नाही तर शिक्षा करा’

पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. एका शाळेत कठोर शिक्षा होत, दुसरीत नाही. तोच मागे वळून बघण्याचा खेळ खेळवला. शिक्षेच्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं जास्त खोटं बोलली आणि ते खोटं सफाईने निभावूनही नेलं. २०१४ मध्ये ली यांच्याच गटाने तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या बोधकथा सांगून पाहिल्या. खोटं बोलल्याची शिक्षा दाखवणाऱ्या कथांनी खरं बोलणं वाढलं नाही. खरं कबूल केल्याबद्दल कौतुक झालेल्या मुलाच्या कथेने वाढलं. तेव्हा खरेपणा हवा असेल तर कबुलीचं स्वागत करा: ‘सांगितलंस ते बरं केलंस. आता पुसूया.’

‘काल्पनिक मित्र म्हणजे एकटेपणा’

मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात, सातव्या वर्षापर्यंत ६५ टक्के मुलांना कधी ना कधी काल्पनिक सोबती होता. त्यात ज्यांच्यात जीव ओतला आहे अशी बाहुली-अस्वलंही धरलेली आहेत. निम्म्याहून जास्त मुलांत दिसणारी गोष्ट एकटेपणाचं लक्षण कशी ठरवायची? न्यूझीलंडमध्ये गॅब्रिएल ट्रियोन्फी आणि एलेन रीझ यांनी २००९ मध्ये साडेपाच वर्षांच्या ४८ मुलांची तुलना केली. सोबती असलेल्या मुलांनी सांगितलेल्या गोष्टी जास्त भरीव होत्या, जरी शब्दसंग्रह दोन्हीकडे सारखाच होता.

मूल म्हणेल तर त्या सोबत्याला खुर्ची द्या, पण त्याच्या वतीने बोलू नका. ‘तुझ्या मित्राने बघ कसे दात घासले’ असा त्याचा वापर केला की मूल चिडतं किंवा मित्राला लपवतं. मित्राने सांडलेलं पाणी मात्र मुलानेच पुसायचं.

‘तीच गोष्ट पुन्हा म्हणजे वाढ खुंटली’

दहावेळा ऐकलेली गोष्ट अकराव्यांदा लिहून घ्या आणि आठवड्याने पुन्हा लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बहुतेकदा एखादं ‘कारण’, एखादं नवं पात्र, एखादा संवाद वाढलेला दिसतो.

‘अभ्यासात मागे पडतात’

याला आधार नाही. पण उलट टोकाचा दावाही आम्ही करणार नाही. गोष्टी रचणारं मूल हुशारच निघतं, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कल्पनेच्या खेळावरचं उपलब्ध संशोधन तपासलं तेव्हा बुद्धी किंवा सर्जनशीलता त्या खेळामुळेच वाढते, याचा पुरावा कच्चा निघाला. भाषा आणि गोष्ट सांगणं यांच्याशी नातं दिसतं, इतकं म्हणता येतं. गोष्ट ऐकायची ती मूल सांगतंय म्हणून, गुणांसाठी नव्हे.

मग काळजी कधी करायची?

हा सल्ला चुकीच्या ठिकाणी घाबरवतो आणि खऱ्या खुणा सांगतच नाही. एकच भीतिदायक प्रसंग मूल दिवसेंदिवस, काहीही न बदलता, आनंदाशिवाय खेळत असेल, त्याला त्यातून बाहेर पडता येत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. गोष्टीत ठरावीक मोठं माणूस दुखवतंय, गप्प राहायला सांगतंय, असं आलं तर ‘काहीतरीच बोलतेस’ म्हणून झटकू नका. दोन वर्षांचं मूल कधीच खोटं-खोटं खेळत नसेल, बोट दाखवून लक्ष वेधत नसेल, नावाला प्रतिसाद देत नसेल, तर तपासणी करून घ्या. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्राथमिक चाचणीत, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, खोट्या-खोट्या खेळाबद्दलचा प्रश्न असतो तो याचसाठी.

आणि एक सवय आजपासून लावता येईल. नेमकं काय झालं ते हवं असेल तेव्हा खाली बसा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या आणि दरवेळी त्याच शब्दांत म्हणा: ‘आता खरं-खरं सांग, गोष्ट नंतर ऐकते.’ मग गोष्ट नंतर खरंच ऐका. ती राहून गेली, तर पुढच्या वेळी त्या वाक्यावर मूल विश्वास ठेवणार नाही.