शाळा डिजिटल करण्याची खात्रीशीर पद्धत

आधी उद्घाटनाची तारीख घ्या, मग वीजजोडणीचं बघा. उलट क्रमाने गेलात तर मीटर, वायरिंग आणि अर्थिंग यातच पावसाळा संपेल आणि फीत कापायला कोणी मोकळं सापडणार नाही. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांत डिजिटलची जी लाट आली, तिने एवढं तर नक्की शिकवलं आहे की फोटोत अर्थिंग दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान ३० मुलांच्या पटापर्यंत वर्षाला १०,००० रुपये आणि १०० पटापर्यंत २५,०००. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. खडू, दुरुस्ती, झाडू, वीजबिल सगळं उरलेल्यातून. म्हणून लोकवर्गणीला पर्याय नाही. वर्गणी मागताना फळ्याच्या जागी लावायच्या मोठ्या टचस्क्रीनचा, म्हणजे पॅनलचा विषय काढा, दरमहाच्या बिलाचा चुकूनही काढू नका. पॅनल देणाऱ्याचं नाव पॅनलखाली रंगवता येतं, बिल भरणाऱ्याचं कुठे रंगवणार? थकबाकी साचून महावितरणचा माणूस जोडणी तोडायला आला की तोवर शाळा ‘डिजिटल’ म्हणून नोंदलेली असतेच, आणि ती नोंद वीज गेल्याने पुसली जात नाही.

पॅनल भिंतीवर लावताना खिडकीच्या बरोबर समोरची भिंत निवडा. पडदे नकोत, पडद्यांना कोणी देणगी देत नाही. दुपारच्या सत्रात पॅनलवर खिडकीचे गज स्वच्छ दिसतील, निदान त्यांचा आकार मुलांना समजेल. मागच्या बाकावरच्या, म्हणजे सहा मीटरवरच्या पोराला वाचता यावं म्हणून पडद्यावरचं अक्षर तीनेक सेंटिमीटर उंच लागतं. तुम्ही पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान एकदम दाखवा. देणगीत जुना प्रोजेक्टर आला असेल तर तास संपताच भिंतीवरचं बटण खाड्कन बंद करा. आतला पंखा दिवा गार करत असतो, त्याला दोन मिनिटं देणं म्हणजे वेळेचा अपव्यय. आणि त्याची हवेची जाळी कधी पुसू नका; खडूची पूड तिथेच सुरक्षित साठते.

आता बॅटरी. बारा व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरी पूर्ण उपसायची नाही हा नियम धरला तर हाती हजार-बाराशे राहतात. पॅनल २०० वॅटचं असेल तर एकट्या पॅनलवर पाच तास निघाले, म्हणजे जवळजवळ शाळेचा दिवस. हे टाळायचं असेल तर त्याच इन्व्हर्टरवर चार पंखे आणि ऑफिसचा कॉम्प्युटर जोडा, दोन तासांत काम होईल. लेझर प्रिंटरही जोडलात तर त्याहून लवकर: छपाईआधी तो तापतो तेव्हा एकदम इतका भार ओढतो की छोटा इन्व्हर्टर जागीच बसतो. डिस्टिल्ड वॉटरची पातळी एप्रिलअखेर बघायची असते. तुम्ही ती जूनमध्ये बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्लेटा उघड्या पडतात, मग बॅटरी नवीन घ्यावी लागते आणि तिचंही उद्घाटन ठेवता येतं.

शिकवण्याकडे वळू, फार वेळ लागणार नाही. व्हिडिओ लावा, आवाज मोठा करा, दार ओढून घ्या आणि माहिती भरायला ऑफिसात जा. मध्ये थांबवू नका. तीन-चार मिनिटांवर थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारलं तर मुलं बोलू लागतात, आणि गोंगाट आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांना आवडत नाही. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी अभ्यास-ॲपवर उघडतात. आदल्या रात्री गावातल्या चांगल्या रेंजमध्ये साहित्य उतरवून ठेवलं की वर्गात इंटरनेटशिवाय चालतं. अर्थात तुम्ही ते वर्गातच उघडणार. चक्र फिरत राहतं आणि मुलं त्याकडे एकटक बघतात. अशी एकाग्रता फळ्यासमोर कधी दिसली होती?

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळायच्या. दोनशिक्षकी शाळेत एका गुरुजींकडे पहिली-दुसरी एकत्र असते. अशा वेळी कोणी तरी स्वतःच्या आवाजात गोष्ट रेकॉर्ड करतो, दुसरीची मुलं पुस्तकावर बोट ठेवून ती ऐकतात आणि तेवढ्या वीस मिनिटांत तो पहिलीच्या सहा पोरांना अक्षरं देतो. कोणी दर पंधरवड्याला प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन साध्या फोनवर टिपून ठेवतो. जुलैचं आणि सप्टेंबरचं लागोपाठ ऐकवलं की मुलाला स्वतःलाच कळतं आपण कुठे अडखळत होतो. जोडाक्षराला थांबणारा कोण आणि वेलांटी गिळणारा कोण, हे गुरुजींनाही कळतं. पालकसभेत आईला ते दोन तुकडे ऐकवले तर प्रगतिपुस्तक समजावून सांगावं लागत नाही. या प्रकाराला खर्च शून्य, वीज नाममात्र, इंटरनेट नाही. फीत बांधायला जागाच नाही. ज्याचा फोटो निघत नाही ते नवोपक्रमाच्या अहवालात कोणत्या रकान्यात घालणार?

तेव्हा खरं तंत्रज्ञान म्हणजे नेतृत्वाचं तंत्रज्ञान. त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप हवेत: केंद्राचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, शाळांची माहिती भरायच्या यू-डायस पोर्टलचा आणि ‘फक्त महत्त्वाचे’ असा एक, ज्यात सुप्रभात येतं. सकाळी साडेदहाला ‘अति तातडीचे, दुपारी बारापर्यंत, निरंक असल्यास निरंक कळवावे’ असा निरोप आला की वर्ग सोडा. तक्ता वाकड्या फोटोत येईल, परिपत्रक जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि मोबाईलवर नुसते चित्रविचित्र आकार दिसतील. तरी ‘माहिती सादर’ असं लिहायला अडचण येत नाही. पट यू-डायस प्लसवर आहेच, तोच गुगल शीटमध्ये भरा, तोच एक्सेलमध्ये ईमेल करा आणि त्याच्याच दोन छापील प्रती घेऊन पंचायत समितीत जा. कागद वाचवणं हा डिजिटलचा मूळ हेतू आहे, हे जाताना आठवत राहा. मुलांच्या आधार क्रमांकांची यादी ग्रुपवर टाकली की सगळ्यांची सोय होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, पण तो कायदा कोणी ग्रुपवर टाकलेला नाही.

कोणाला ही थट्टा वाटत असेल तर २०१६ चा नोव्हेंबर आठवा. दर सोमवारी दहा-दहा मुलांचा गट उभा करून शिक्षकाने सेल्फी काढावी आणि विद्यार्थ्यांच्या माहितीच्या ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीवर चढवावी, असा शासन निर्णय निघाला होता. हेतू गळती रोखण्याचा. शिक्षकांनी विरोध केला आणि तो थांबवण्यात आला. सत्तर पटाच्या शाळेत सात सेल्फी, एका खांबाची रेंज आणि सोमवारची सकाळ, हा हिशेब आधी एखाद्या चौथीच्या मुलाकडून करून घेतला असता तरी चाललं असतं.

शाळेचा ब्लॉगही हवाच. वर सरकती पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. मजकूर म्हणून शासन निर्णयांच्या लिंक आणि इतर गुरुजींच्या ब्लॉगवरून उचललेल्या प्रश्नपत्रिका, मूळ नाव काढून. मुलांनी लिहिलेलं काही टाकू नका. ऊसतोडीला गेलेल्या बापाने आपल्या पोरीच्या हातचा परिच्छेद फोनवर वाचला तर तो पुढच्या आठवड्यातही बघेल, मग दर आठवड्याला टाकत बसावं लागेल.

शेवटी बदली. ती ऑनलाइन होते, तेव्हा एक दिवस होणारच. चार्ज देताना पॅनल, बॅटरी, प्रोजेक्टर जडवस्तू नोंदवहीवरून मोजून द्या. बंद पडलेल्या वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून त्या कमी करणं, तुमच्या काळात करू नका, त्या पुढच्या माणसाच्या नावावर व्यवस्थित जातात. पासवर्ड मात्र चार्जयादीत नसतो. सगळ्या पोर्टलांना तुमचाच मोबाईल नंबर जोडलेला राहू द्या. शेवटच्या तारखेला रात्री नवे मुख्याध्यापक ओटीपीसाठी फोन करतील. तुम्ही जेवायला बसला असाल. हात धुऊन सावकाश आकडे सांगा, आणि मुदत संपल्याचा संदेश त्यांच्याकडे आला की म्हणा, ‘सर, पुन्हा पाठवा ना, माझ्याकडे रेंज आहे.’